हात खाली!

मांडवात अख्खं वऱ्हाड अक्षता घेऊन उभं होतं. मंगलाष्टकं रंगात आली होती. नवरदेवाच्या मुंडावळ्या सारख्या डोळ्यांत जात होत्या, म्हणून तो बिचारा मुठीनं डोळे चोळत होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला, "ओ नवरदेव! हात खाली!"

भटजी गप्प. बँडवाल्याला वाटलं, लागलं लग्न. त्यानं धडाक्यात वाजवायला घेतलं. बँड वाजला म्हणून लोकांनी उरल्यासुरल्या अक्षता फेकल्या, आणि मुहूर्ताला अजून पाच मिनिटं होती. नवरदेवाचा मामा तरातरा आला. "काय मॅडम, मुहूर्त बिघडवला न तुम्ही!"

"मुहूर्त दुसरा भेटते," मॅडम म्हणाल्या. "डोया दुसरा नाही भेटत."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. धरणी दुभंगली असती तर मी खुशाल आत गेले असते. घरी येताना मी रस्ताभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या वाटेत एका पानठेलेवाल्याला तेच सांगायला थांबल्या.

सीमेपलीकडे, हिंदी मुलखातल्या बालाघाटात मी बी.एस्सी.ला होते तेव्हाच्या या माझ्या घरमालकीण. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरी म्हातारी आई. समोरच्या खोलीत सकाळी सातपासून गणिताच्या शिकवण्या चालत. दर तासाला पितळी घंटा वाजे आणि एक घोळका बाहेर, दुसरा आत. त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर पांढरा डाग. चष्म्याची त्या बाजूची काच त्यांनी मुद्दाम काळी केली नव्हती. "पाहू द्या लोकाइले. पाहून तरी अक्कल येईल," असं त्यांचं म्हणणं.

पोरं त्यांना मागून 'शंकु मैडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. कारण त्यांच्या डोळ्यांचा आजार शंकूचाच होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. कोवळ्या वयात सुरू होतो, आणि डोळे चोळले की वाढतो. दहावीच्या पोरांना शंकूचं घनफळ शिकवताना त्या फळ्यावर सूत्र लिहीत आणि मग वळून स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवत. "हे घनफळ. आन् हे फळ. चोळाचं असंल तं धुणं चोळा. डोया चोळाची जागा नाही, पाहाची जागा आहे."

त्यांच्या शिकवणीत पोरगं बेरीज चुकलं तर चालायचं. डोळ्याला मूठ लावली की लाकडी फूटपट्टी टेबलावर आपटायची. धानाच्या मळणीच्या दिवसांत, मिलचा कोंडा हवेत उडत असला की सगळ्या गावाचेच डोळे खाजत, तेव्हा तर मॅडम युद्धावर असत. लालबर्‍याच्या बसमध्ये त्यांनी उठून जाऊन चार सीट पुढच्या माणसाचा हात धरलेला मी पाहिलाय. हट्ट्याची बावडी, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर, दाखवायला पोरांना नेलं, तर पायऱ्यांचं गणित राहिलं बाजूला आणि तिथल्या चौकीदाराला डोळे कसे धुवायचे ते शिकवून आल्या.

खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं. मी खोली पाहायला गेले तेव्हा दारातच म्हणाल्या, "छत गळते. पंखा आवाज करते. माही माय रात्रभर खोकलते. पाहिजे तं राहा." शेजारणीनं हौसेनं भाजी पाठवली आणि कशी झाली विचारलं, तर म्हणाल्या, "खारट." एका बापाला तोंडावर सांगितलं, "तुमचं पोट्टं इंजिनिअर नाही होत. त्याले म्हशी आवडतात. म्हशी घेऊन द्या." बाप महिनाभर रागावला, पण शेवटी म्हशी घेतल्या. आज त्या पोराचं दूध अर्ध्या मोहल्ल्यात जातं.

आणि चहा. चहाला त्या शिवत नसत. पाहुण्याच्या घरीही नाही. "कडू पाणी कायले प्याचं?" म्हणत आणि गुळाचं गरम पाणी मागत. कलेक्टर आला असता तरी त्यालाही हेच ऐकवलं असतं.

स्वतःच्या फुटक्या डोळ्याबद्दल कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "हैदराबादले इलाज केला. चांगला झालता. झोपेत चोळला. माह्याच चुकीनं गेला." मागून खाटेवरून त्यांच्या आई, म्हणजे आमच्या आजीही, पुस्ती जोडायच्या, "लहानपणापासून चोळे वो ही! आयकेच नाही!" त्यावर मॅडम मान खाली घालून म्हणायच्या, "हौ माय. नाही आयकलं." सगळ्या जगाला दम देणारी बाई, आईपुढे अशी गरीब गाय होई. मला हसू यायचं.

माझा आजार त्यांनीच ओळखला. माझ्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदले. चष्मेवाला काच बदले, आणि मी कॉलेजात पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचा तीन आठ वाचे. एके दिवशी मी पुस्तक वाचताना डोळे चोळत होते. मॅडमनी पुस्तक ओढून घेतलं, कोऱ्या कागदावर पेनानं एकच ठिपका काढला आणि माझा डावा डोळा तळहातानं झाकला.

"किती ठिपके?"

"चार," मी म्हटलं. "नाही, पाच. एकाला शेपटी आहे."

 त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाल्या, "उद्या नागपूरले जाऊ."

नागपूरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. उजव्या डोळ्यात जास्त, डाव्यात थोडं. उजव्याला लगेच इलाज करायला हवा होता. वरची नाजूक साल काढून, पिवळं औषध टाकत टाकत डोळ्यावर एक खास उजेड सोडतात, त्यानं पडदा कडक होतो आणि आजार थांबतो. मग जखम भरेपर्यंत वर पट्टीसारखी एक पारदर्शक लेन्स ठेवतात. तीन-चार दिवस दुखेल, पाणी येईल, उजेड सोसणार नाही. डोळ्याला पाणी लावायचं नाही, हात लावायचा नाही, दिलेल्या थेंबांशिवाय काही टाकायचं नाही.

पुढच्या सोमवारी इलाज झाला आणि आम्ही घरी परतलो. मॅडमनी माझ्यासाठी जुन्या गोधडीचे दोन पंजे शिवले होते, मनगटाला नाडी. झोपेत चोळू नये म्हणून. ते घालून मी पाच वर्षांच्या पोरासारखी बसले आणि आजी पोट धरून हसल्या. सगळं नीट चाललं होतं. चुकलं ते बुधवारी.

बुधवारी माझ्या भाच्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं बारसं होतं. आमचं गाव लालबर्‍याजवळ. आत्यानं नाव ठेवायचं असतं आणि आत्या मी एकटी. मॅडम म्हणाल्या, "नाही जाचं." मी म्हटलं, जाणार. "नाव फोनवर ठेव." मी म्हटलं, तुमाले न लेकरू न बाळ, तुमाले काय समजते? हे मी बोलले. आजही आठवलं की माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. मॅडमनी माझ्या पिशवीत पंजे टाकले, थेंबांची बाटली टाकली आणि म्हणाल्या, "हात धुवून टाकजो."

बारसं छान झालं. पण मांडवाचा उजेड, उदबत्त्या, लाऊडस्पीकर; संध्याकाळी डोळ्यातून धार लागली. मी अंथरुणावर उशीत तोंड खुपसून कण्हत होते. आईला बघवेना. ती वहिनीकडे गेली आणि वाटीत तिच्या अंगावरचं थोडं दूध घेऊन आली. आमच्याकडे लेकराचे डोळे आले की हेच करतात. माझ्या आजीनं आईला केलं, आईनं मला.

"नको न माय," मी म्हटलं. "डॉक्टर नाही म्हणले."

"अवं, दूधच आहे. विष थोडी आहे? डोया थंडा पडंल." तिच्या डोळ्यांत माझ्याहून जास्त पाणी होतं. मी पापणी उघडली. दोन थेंब. आणि काय सांगू, खरंच थंड वाटलं. मी आईच्या मांडीवर झोपून गेले.

गुरुवारी बालाघाटला परतले. शुक्रवारी सकाळी दुखणं कमी व्हायचं ते वाढलं. मी म्हटलं, चौथा दिवस आहे, दुखणारच. मॅडमनी बॅटरी आणली, पापणी वर केली आणि एकदम मागं सरल्या. बुबुळावर, लेन्सच्या खाली, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.

"डोया चोळला?"

"नाही."

"काही टाकलं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान वळवली. मग त्यांनी घंटा वाजवली, भरलेली शिकवणी घरी पाठवली आणि दादाला फोन केला. दादा आईला मोटरसायकलवर घेऊन बसस्टँडवर आला. आम्ही तिघी नागपूरच्या बसमध्ये बसलो. आई वाटभर माळ ओढत होती. मॅडमनी माझे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर दाबून धरले होते, चार तास.

डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "जंतुसंसर्ग आहे. डोळ्यात काही गेलं होतं? पाणी, धूळ? घरचं काही औषध टाकलं?"

आई माझ्या शेजारीच उभी होती. पदराचं टोक तोंडात धरून. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही."

डॉक्टर कागदावर लिहायला लागले. तेव्हा मॅडम माझ्या आईला म्हणाल्या, "ताई, मले गरगरून राह्यलं. खाली जाऊन माह्यासाठी कपभर चहा आणता का?"

मी चमकून पाहिलं. चहा? आई धावतच गेली. दार लागलं, तशा मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या, "बाळंतिणीचं दूध टाकलं आहे. बुधवारी सांजच्याले. लेन्सच्या वरून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुम्ही पाहिलं?"

"नाही. पण टाकलं आहे." मग माझ्याकडे वळून, "बारशाच्या घरून आली तू. घरात बाळंतीण, दुखत्या डोयाची पोरगी आन् माय. नाही टाकलं तं मी माहं नाव बदलीन. बोल."

मी मान हलवली आणि हमसून रडले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी लेन्स काढून तपासायला पाठवली, जखम हलकेच खरवडून नमुना घेतला, ठरवलेलं औषध खोडून दुसरं लिहिलं. म्हणाले, सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर दोन-तीन दिवस भलत्याच जंतूमागं गेले असते, आणि या डोळ्याकडे तेवढे दिवस नाहीत.

दार उघडलं. आई चहा घेऊन आली. बशीत चहा सांडला होता. तिनं कप मॅडमच्या हातात दिला आणि जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "मॅडम, काहून झालं हे? आमचं काही चुकलं का?"

मॅडमनी तो चहा घेतला. एका दमात प्यायल्या, गरम गरम, कपाळाला आठी न घालता. कप खाली ठेवला.

"झोपेत चोळला हिनं," त्या म्हणाल्या. "पंजे घालूनच नाही झोपली बारशाच्या रात्री. मी हजारदा सांगितलंतं. माहं बी असंच झालतं." आणि माझ्यावर ओरडल्या, "आयकत नाही न कोणाचं! भोग आता!"

आईनं कपाळावर हात मारला. "किती वो तू वांड!" म्हणून तिनं मला एक धपाटा घातला, आणि त्याच हातानं माझ्या केसांवरून हात फिरवला. तिचा चेहरा मोकळा झाला होता. मला बोलायचं होतं. मॅडमनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाकली.

जाता जाता त्या आईला एवढं म्हणाल्या, "आन् ताई, नातवाच्या डोयात दूध, तूप, गुलाबजल काहीच नका टाकू. पूर्वी चाले. आता जंतू बदलले." आई हौ म्हणाली. तेव्हा वाटलं, त्या बाईनं कुणाला खोटं सांगितलेलं मी ऐकलं ते एवढंच, आणि तेही चहा पिऊन.

चार दिवस दवाखान्यात काढले. मग आईला बाळंतिणीकडे परतावं लागलं आणि मी मॅडमच्या घरी आले. थेंब दर तासाला. मॅडमनी सोपी युक्ती केली, शिकवणीची घंटा आणि माझे थेंब एकाच वेळेला. घंटा वाजली की त्या कोपरापर्यंत हात धुवून आत येत, "वर पाह्य" म्हणत, थेंब टाकत आणि पुढच्या वर्गाला जात. त्या दिवसांत पोरं घंटा झाली तरी आवाज करीत नसत. एकानं मला विचारलं होतं, "दीदी, दिखता है क्या अब?" मला तेव्हा समोरच्या खिडकीचा नुसता उजेड दिसत होता.

एका दुपारी आजी माझ्या खाटेजवळ येऊन बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अवं, हिचं बी असंच झालतं. हैदराबादवरून आली, चौथ्या दिवशी डोया लालबुंद. चोळला न झोपेत! आन् मी सेवेत काही कमी नाही केली वो. समोरच्या गल्लीत एक बाळंतीण होती. तिच्याकडून वाटीत दूध मांगून आणो. आल्या दिवसापासून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब. तरी फूल पडलंच. नशीब एकेकाचं."

 घंटा वाजली. दारात मॅडम उभ्या होत्या, हात ओले, बाटली हातात. त्यांनी ऐकलं होतं. आजींना म्हणाल्या, "माय, तुह्या गोळ्यांची वेळ झाली." आजी गेल्या.

"वर पाह्य."

थेंब पडला. जळजळला. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही चोळलाच नव्हता?"

बाटलीचं झाकण लावत त्या हळूच म्हणाल्या, "तिले समजलं तं ती जेवण सोडंल. हातच कापून घेईल आपले."

"मग माह्याच चुकीनं गेला म्हणता ते?"

"ते खरं आहे." त्या खाटेच्या कडेला बसल्या. बाहेर वर्ग भरला होता, त्या कधी बसत नसत. "मलेबी विचारलंतं डॉक्टरनं, काही टाकलं का म्हणून. माय बाजूले उभी होती. मी म्हटलं, नाही. दहा दिवस दुसऱ्याच जंतूची दवा चालली. मायले बाहेर पाठवाची अक्कल नाही आली मले. चोवीस वर्षाची घोडी होती मी, तरी नाही आली." मग उठल्या. "डॉक्टरले खरं सांगाचं. मायले नाही. समजलं?"

मी हौ म्हटलं. त्या बाहेर गेल्या आणि लगेच फूटपट्टी आपटल्याचा आवाज आला. "हात खाली!"

मी पडल्या पडल्या ते ऐकत होते. नवरदेव आठवला, बसमधला माणूस आठवला, तो पानठेलेवाला. ही बाई सोळा-सतरा वर्षं गावभर ओरडत होती, वेडी ठरली होती, भर लग्नात बोलणी खात होती. आईला एकदा सांगितलेलं खोटं खरं वाटत राहावं म्हणून. आणि त्या ओरडण्यानं किती पोरांचे डोळे वाचले असतील ते वेगळंच; चोळू नका हे तर खरंच होतं. मी यांना 'न लेकरू न बाळ' म्हटलं होतं. देवापुढे हात जोडताना मला जसं वाटत नाही तसं त्या दिवशी त्यांच्या आवाजापुढे वाटलं. अजूनही वाटतं.

माझा डोळा राहिला. कडेला एक पांढरा डाग आहे, पण मधली जागा मोकळी आहे. कडक लेन्स लावली की त्या डोळ्यानं मी फळ्यावरचा आठ आठच वाचते.

दोन वर्षांमागं आजी गेल्या. तेरवीला मी गेले होते. पंगतीत कुणी परक्या बाईनं मॅडमना डोळ्याचं विचारलं. मी कान टवकारले. आता काय लपवायचं? मॅडम वाढता वाढता म्हणाल्या, "झोपेत चोळला. माह्याच चुकीनं गेला." नंतर मोरीपाशी मी त्यांना म्हटलं, "आता तर आजी नाही न."

"मंग?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "ती गेली म्हणून तिच्यावर नाव लावू?"

हे सगळं मी मराठीत लिहितेय कारण आईला वाचता येत नाही, आणि आमच्या घरात मराठी वाचणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. पोरं हिंदीच वाचतात.

परवा गावी गेले होते. मळणी चालली होती, अंगणात कोंडाच कोंडा. ज्याचं नाव मी ठेवलं तो माझा भाचा आता शाळेत जातो. तो दोन्ही मुठींनी डोळे चोळत आला. आईनं झडप घालून त्याचे हात धरले. "हात खाली! तुह्या आत्याचा डोया पाह्य. किती सांगितलं, नाही आयकलं. चोळ चोळ चोळला आन् फूल पाडून घेतलं."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. "सच में, बुआ?"

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. थकलीय आता.

"हौ रे बाबू," मी म्हटलं. "मीच चोळला."